गिऱ्हाइकाच्या पावलांची नोंद

रोहा शहराला लागून वरसे हें गांव आहे. कुंडलिका नदीचें हें खोरें मुख्यतः भातशेतीचें. पुढें धाटाव येथें औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि औषधें, रंग, कीटकनाशकें यांना लागणारीं रसायनें या खोऱ्यांतून परदेशीं जाऊं लागलीं. माल बंदरावर पोहोंचण्यापूर्वीं मात्र त्याची माहिती परदेशांतील खरेदीदाराच्या डोळ्यांसमोर यावी लागते, आणि हल्लीं हें काम बहुतांशीं कारखान्याचें संकेतस्थळच करतें.

अशा एखाद्या मध्यम कारखान्याची कल्पना करावी. त्याची विक्रीची कचेरी वरसे येथें दोन खोल्यांत आहे. माणसें दोन, संगणक दोन, आणि महिन्याच्या भाड्यानें घेतलेलें विक्रीचें सॉफ्टवेअर एक. सकाळीं कारकुनानें हें सॉफ्टवेअर उघडलें कीं आदल्या दिवसाची हकीकत त्याच्यापुढें मांडलेली असे. रात्रीं हँबुर्गहून कोणी एक संकेतस्थळावर आला. अमुक रसायनाचें पान त्यानें तीनदां उघडलें. शुद्धतेच्या कोष्टकावर तो चार मिनिटें थांबला. दराच्या चौकशीच्या पानापर्यंत गेला आणि कांहींहि न लिहितां परत फिरला. मागील आठवड्यांत पाठविलेलें पत्र त्यानें दोनदां उघडलें होतें, हेंहि तेथें नोंदलेलें असे. मग एके दिवशीं हा रकाना युरोपच्या पाहुण्यांपुरता रिकामा दिसूं लागतो. सॉफ्टवेअर बिघडलेलें नसतें. तें विकणाऱ्या कंपनीनें ही सोय काढून घेतलेली असते किंवा पाहुण्याच्या संमतीवर टांगलेली असते, आणि कारण म्हणून एकच ओळ कळविलेली असते : खासगीपणाचे नियम.

गेल्या कांहीं वर्षांत असा अनुभव जगांतील असंख्य विक्रेत्यांना आलेला आहे. ही सोय काय होती, ती कां गेली, आणि ती गेल्यामुळें कोणाचें काय गेलें, याचा उलगडा करण्यासारखा आहे.

संकेतस्थळ चालविणारा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो मूळचा अत्यंत विसराळू. एक पान मागितलें कीं तो देतो आणि मागणाराला त्याच क्षणीं विसरतो. तोच माणूस दुसरें पान मागूं लागला तर हा कोणी नवाच आला, असें त्याला वाटतें. अशा विसराळू दुकानदाराकडून गिऱ्हाइकानें दोन वस्तू एकदम विकत घेणें सुद्धां कठीण. कारण दुसरी वस्तु निवडीपर्यंत पहिलीची आठवण पुसलेली. ही अडचण दूर करण्यासाठीं १९९४ सालीं अमेरिकेंतील नेटस्केप कंपनीच्या लू मोंटुली या तरुण अभियंत्यानें एक युक्ति काढली. देवळाबाहेर चपला सांभाळणारा जसा क्रमांकाचा बिल्ला देतो, तसा सर्व्हरनें पहिल्या भेटींत पाहुण्याच्या संगणकावर एक लहानसा क्रमांक ठेवावा, आणि पुढच्या प्रत्येक भेटींत पाहुण्याच्या ब्राउझरनें तो आपण होऊन दाखवावा. या बिल्ल्याला कुकी हें नांव पडलें. दुकानदाराला स्मरणशक्ति आली. पण त्या स्मरणाचें ओझें गिऱ्हाइकाच्या खिशांत, आणि बहुधा त्याच्या नकळत.

येथपर्यंत फारसें वावगें कांहीं नव्हतें. परंतु एका पानावर एकाच दुकानाचा माल असतो असें नाहीं. जाहिरात एका कंपनीची, चित्र दुसरीचें, मोजणीचें यंत्र तिसरीचें, असें तें पान जोडलेलें असतें, आणि प्रत्येकीला आपला बिल्ला देण्याची मुभा मिळाली. बाजारांतील शंभर दुकानांच्या दारांत एकच अनोळखी माणूस उभा आहे, आणि शंभरहि ठिकाणीं तो तोच बिल्ला तपासतो आहे, असें हें झालें. हा धोका उशिरां कळला असें मात्र म्हणतां येणार नाहीं. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळानें फेब्रुवारी १९९७ मध्यें कुकीविषयीं जें पहिलें नियमपत्र काढलें, त्यांतच अशा तिसऱ्याच्या बिल्ल्यांना मूळचीच बंदी असावी असें सुचविलें होतें. ब्राउझर करणाऱ्या कंपन्यांनीं तें मनावर घेतलें नाहीं. आज ज्याला नव्या नियमांचा जाच म्हणतात, तो असा पाव शतकापूर्वीं कागदावर आलेला होता.

विक्रीच्या सॉफ्टवेअरनें या बिल्ल्याला आणखी दोन जोड दिले. एक म्हणजे पत्रांतील अदृश्य ठिपका. संगणकावरून जाणाऱ्या पत्रांत डोळ्यांना न दिसणारें एका बिंदूएवढें चित्र बसवितात; पत्र उघडतांच तें चित्र सर्व्हरकडून मागविलें जातें, आणि त्या मागणीवरूनच पत्र केव्हां उघडलें हें पाठविणाराला कळतें. दुसरा जोड म्हणजे इंटरनेटवरील पत्ता. प्रत्येक संगणक ज्या आंकडेवारी पत्त्यावरून बोलतो, तो पत्ता मोठ्या कंपनीच्या नांवावर नोंदलेला असला, तर आलेला माणूस कोण हें न कळलें तरी कोणत्या कंपनींतून आला हें कळूं शकतें. फिनलंडमधील लीडफीडरसारख्या कंपन्यांचा धंदा याच तर्कावर उभा राहिला.

पण या सगळ्याची खरी करामत जोडणींत आहे, आणि सामान्य माणसाच्या ध्यानांत ती सहसा येत नाहीं. हँबुर्गचा तो खरेदीदार दोन महिने नुसता क्रमांक म्हणून येत-जात असतो. एके दिवशीं तो चौकशीच्या कागदावर आपलें नांव व पत्ता लिहितो, किंवा आलेल्या पत्रांतील दुव्यावर बोट ठेवतो. त्या क्षणीं क्रमांक आणि नांव यांची गांठ पडते, आणि मागच्या दोन महिन्यांचीं सारीं पानें त्याच्या नांवावर चढतात. त्यानें नांव दिलें तें आजच्या चौकशीपुरतें. घेतली गेली ती गेल्या दोन महिन्यांची हकीकत. मागें जाऊन लागू होणारी ही संमति त्यानें कधीं दिली, असें विचारलें तर कोणाजवळहि उत्तर नाहीं.

विक्रेत्यांच्या बाजूनें एक युक्तिवाद नेहमीं केला जातो. रोह्याच्या बाजारपेठेंतला जुना दुकानदारहि गिऱ्हाइकाला ओळखतोच. कोणाच्या घरीं कोणता तांदूळ लागतो, कोण उधारी केव्हां फेडतो, हें त्याला तोंडपाठ असतें. मग संगणकानें तेंच केलें तर बिघडलें काय? युक्तिवाद दिसायला सरळ आहे, पण त्यांतली एक बाजू गळलेली आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला पाहतो तेव्हां गिऱ्हाईकहि दुकानदाराला पाहत असतें. आपण ओळखले गेलों हें त्याला ठाऊक असतें, आणि न पटल्यास पुढच्या दुकानीं जाण्याची वाटहि त्याला मोकळी असते. शिवाय तो दुकानदार समोरच्या सोनाराकडे, वैद्याकडे आणि वकिलाकडे हें गिऱ्हाईक काय बोललें, याचें टिपण मागवीत नाहीं.

सौद्यांत गरज झांकण्याला केवढी किंमत असते, हें महाराष्ट्रांतील गुरांच्या बाजारांत ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको. बैलाची किंमत ठरवितांना व्यापारी रुमालाखालीं हात घालून बोटांनीं आंकडा सांगतात. भोंवतालच्यांना तो कळूं नये, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशीं करावयाच्या सौद्याला त्यामुळें बाध येऊं नये, एवढाच हेतु. वरसे येथील कचेरींत येणारी ती सकाळची यादी म्हणजे रुमाल किंचित् उचलून पाहणें होतें. खरेदीदार चार वेळां आला, याचा अर्थ त्याला निकड आहे. निकड आहे, याचा अर्थ दर उतरविण्याचें कारण नाहीं. किंवा उलट. हा गृहस्थ ज्या कारखान्याकडून वर्षानुवर्षें माल घेतो, त्याच्याच विक्रेत्याला अशा एखाद्या सेवेकडून तो दुसरीकडे चौकशी करतो आहे असें कळलें, तर त्याच्या घासाघिशीचें बळ गेलें. असल्या विक्री-पाळतीनें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं असें जे म्हणतात, ते नेहमीं विकणाराच्या बाजूला बसलेले असतात.

युरोपांत या प्रश्नाला कायद्याचें रूप हळूहळू येत गेलें. २००२ सालच्या एका निर्देशांत २००९ सालीं दुरुस्ती झाली, आणि माणसाच्या यंत्रावर कांहीं ठेवावयाचें किंवा तेथून कांहीं वाचावयाचें असेल, तर त्याची संमति आधीं घेतली पाहिजे असें ठरलें. मागितलेली सेवा देण्यास जें अपरिहार्य आहे तेवढेंच यांतून वगळलें. पुष्कळ दिवस हा नियम एक पट्टी दाखवून पाळला जाई. “आम्ही कुकी वापरतों” एवढें लिहिलें कीं कर्तव्य संपलें. मग १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपीय न्यायालयानें पॅट्रिक ब्रायर या जर्मन राजकारण्यानें आपल्याच सरकारविरुद्ध लढविलेल्या खटल्यांत निर्णय दिला. सरकारी संकेतस्थळें भेट देणाऱ्यांचे इंटरनेट-पत्ते टिपून ठेवीत, ही त्याची तक्रार होती. बदलता पत्ता सुद्धां, त्यावरून माणूस हुडकण्याचा कायदेशीर मार्ग संकेतस्थळवाल्याला उपलब्ध असेल तर, व्यक्तिगत माहितीच ठरतो, असें न्यायालयानें सांगितलें. नुसता आंकडा म्हणजे कोणी माणूस नव्हे, हा बचाव त्यामुळें लंगडा पडला.

त्याच वर्षीं संमत झालेला आणि २५ मे २०१८ पासून अमलांत आलेला युरोपचा माहितीसंरक्षणाचा सर्वसाधारण नियम तर जगप्रसिद्धच आहे. गंभीर उल्लंघनास दोन कोटी युरो किंवा साऱ्या जगांतील वार्षिक उलाढालीच्या चार टक्के, यांपैकीं जी रक्कम मोठी होईल तेथपर्यंत दंड, ही त्याची धार. १ ऑक्टोबर २०१९ रोजीं त्याच न्यायालयानें एका जर्मन सोडतीच्या संकेतस्थळाच्या खटल्यांत स्पष्ट केलें कीं, आधींच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमति नव्हे. खूण माणसानें स्वतःच्या हातानें केली पाहिजे. फ्रान्सच्या माहिती-आयोगानें पुढें बजावलें कीं, नकार देणें होकाराइतकेंच सोपें असलें पाहिजे, आणि तें तसें नव्हतें म्हणून जानेवारी २०२२ मध्यें गूगलला पंधरा कोटी व फेसबुकला सहा कोटी युरोंचा दंड जाहीर केला.

येथें वरसे येथील कारकून विचारील कीं, युरोपच्या कायद्याचा कुंडलिकेच्या कांठाशीं संबंध काय ? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर मोठें गमतीचें आहे. या नियमाचें तिसरें कलम युरोपबाहेरच्या धंद्याला दोन वाटांनीं गांठतें. एक, युरोपांतील माणसांना माल किंवा सेवा देऊं केली तर. त्यांतहि, संकेतस्थळ युरोपांत नुसतें उघडतें एवढ्यानें तें कलम लागू होत नाहीं, असें नियमाच्या प्रस्तावनेंतच म्हटलें आहे. दुसरी वाट मात्र निराळी : युरोपांत असलेल्या माणसाच्या तेथील वर्तनावर लक्ष ठेवलें तर. म्हणजे कारखान्याचें पान हँबुर्गला दिसलें, एवढ्यानें कायदा येथवर येतोच असें नाहीं. परंतु तें पान पाहणाराचीं पावलें मोजूं लागलें कीं तो येतो. कायद्याला निमंत्रण देण्याचें काम ती नोंदवहीच करीत होती.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना हें लवकर उमजलें. माहिती कोणत्या हेतूनें गोळा करावयाची हें ठरविणारा तो मुख्य जबाबदार, आणि त्याच्या सांगण्यावरून ती हाताळणारा तो हस्तक, अशी युरोपच्या नियमाची विभागणी आहे. कारखाना हा मुख्य, सॉफ्टवेअर-कंपनी हस्तक. पण हस्तकालाहि स्वतःचीं कर्तव्यें आहेत, आणि हजारों गिऱ्हाइकांपैकीं कोण खरोखर संमति घेतो हें त्याला पाहतां येत नाहीं. तेव्हां त्यानें सोपा मार्ग धरला. पाहुण्यानें होकार देईपर्यंत मोजणीचें यंत्र सुरूच होऊं नये अशी रचना केली. कोठें इंटरनेट-पत्त्याचा शेवटचा भाग पुसून टाकला. कोठें युरोपच्या पाहुण्यांपुरती ही सोय मूळचीच बंद ठेवली. माणसाचें नांवच हुडकून देण्याची हांव धरणाऱ्या कांहीं अमेरिकन सेवांनीं तर आपला व्यवहार अमेरिकेंतील पाहुण्यांपुरताच ठेवला. त्यांत न्यायबुद्धि किती आणि दंडाची भीति किती, याचें मोजमाप न केलेलें बरें.

अमेरिकेंतहि त्यांना स्वस्थता लाभली असें नाहीं. कॅलिफोर्निया राज्यांत १९६७ सालीं टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याविरुद्ध कायदा झाला होता. त्याचाच आधार घेऊन अलीकडे तेथें संकेतस्थळांवर दाव्यांमागून दावे लागले : पाहुणा दुकानदाराशीं बोलतो आहे आणि सॉफ्टवेअर-कंपनी मध्येंच कान लावून बसली आहे, ही तक्रार. न्यायालयांचे निर्णय दोन्ही बाजूंनीं गेले आहेत. टेलिफोनच्या तारेसाठीं केलेला कायदा अर्ध्या शतकानंतर विक्रीच्या सॉफ्टवेअरला आडवा यावा, हें त्या कायद्याच्या कर्त्यांच्या स्वप्नींहि नसेल.

कायद्याच्या बरोबरीनें यंत्रांचेहि दरवाजे लागत गेले. ॲपलच्या सफारी ब्राउझरनें २०१७ पासून या पाठलागाला आळा घालण्यास सुरुवात केली आणि मार्च २०२० पासून तिसऱ्याच्या कुकी पूर्णपणें अडविल्या. सप्टेंबर २०२१ मध्यें त्याच कंपनीनें पत्रांतील अदृश्य ठिपक्यावर एक नामी उपाय काढला. ही सोय स्वीकारणाराच्या पत्रांतील चित्रें, पत्र वाचलेलें असो वा नसो, ॲपलचे मधले संगणक आधींच मागवून घेऊं लागले. परिणाम असा कीं विक्रेत्याच्या यादींत न उघडलेलीं पत्रेंहि उघडलेलीं दिसूं लागलीं. पत्र पोहोंचतांच वाचलें गेलें म्हणून इकडे हर्ष, आणि तिकडे तें पत्र न वाचतांच केराच्या टोपलींत ! गूगलनें मात्र जानेवारी २०२० मध्यें आपल्या क्रोम ब्राउझरांतून तिसऱ्याच्या कुकी दोन वर्षांत हद्दपार करण्याचें जाहीर केलें, मुदत वारंवार वाढविली, आणि एप्रिल २०२५ मध्यें तो बेत सोडून दिला. तेव्हां कुकीची तिरडी बांधणाऱ्यांची थोडी घाई झाली असेंच म्हणावें लागेल.

आणखी एक कारण कायद्याचें नाहीं आणि यंत्राचेंहि नाहीं. २०२० च्या साथींत कचेरींतील माणसें घरीं बसून कामें करूं लागलीं. कंपनीच्या पत्त्यावरून येणारा खरेदी-अधिकारी आपल्या घरच्या जोडणीवरून येऊं लागला, आणि पत्त्यावरून कंपनी ओळखण्याचा तर्क अर्धामुर्धा कोसळला.

आतां छोट्या धंद्यांची तक्रार. ही सोय गेल्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आणि तें खोटें नाहीं. ज्या बलाढ्य कंपन्यांकडे माणूस स्वतःचें नांव आणि गुप्त शब्द देऊन आंत शिरतो, त्यांना कुकीची मुळीं गरजच कमी. त्यांच्या अंगणांत माणूस दिवसभर वावरतो. त्याचें प्रत्येक पाऊल त्यांना घरबसल्या कळतें. मग ज्ञान त्यांच्याकडे साठतें, आणि वरसे येथील दोन खोल्यांच्या कचेरीनें तें जाहिरातीच्या रूपानें त्यांच्याकडून विकत घ्यावयाचें. खासगीपणाच्या नियमानें पाळत कमी झाली कीं ती थोड्या मोठ्या हातांत गेली, हा प्रश्न युरोपांतहि विचारला जातो. त्याला पुरतें उत्तर अद्याप मिळालेलें नाहीं. संमतीच्या चौकटींनीं लोक कंटाळले आहेत, आणि न वाचतांच होकाराचें बटण दाबतात, हेंहि खरें. परंतु यांतून निघणारा निष्कर्ष मोठ्यांवर अधिक बंधन घालावें हा आहे. लहानांनाहि चोरून पाहूं द्यावें, हा नव्हे.

भारतांत पाळतीचा प्रश्न न्यायालयापुढें आला तो संगणकाच्या पुष्कळ आधीं. उत्तर प्रदेशांतील खरकसिंग नांवाच्या माणसावर दरोड्याचा आळ आला. पुरावा नसल्यानें तो सुटला. पण पोलिसांनीं त्याच्या नांवाचें बाड उघडून रात्रीं-अपरात्रीं त्याच्या दारावर थाप मारणें व त्याच्या जाण्यायेण्याची नोंद ठेवणें चालूं ठेवलें. १९६२ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें रात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरविल्या, परंतु माणसाच्या हालचालींची नोंद ठेवणें तेवढें चालूं दिलें. खासगीपणा हा घटनेनें दिलेला हक्क नाहीं, असें बहुमतानें म्हटलें. न्यायमूर्ति सुब्बा राव यांना तें पटलें नाहीं. ज्याच्या मागें सतत सावली आहे तो मोकळा फिरतो असें म्हणतां येत नाहीं, असा त्यांच्या भिन्नमताचा आशय होता.

त्या भिन्नमताला पंचावन्न वर्षांनीं यश आलें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें पुट्टस्वामी खटल्यांत खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें एकमतानें ठरविलें आणि खरकसिंग प्रकरणांतील तेवढा भाग रद्द केला. या पीठांत नागपूरचे न्यायमूर्ति शरद बोबडे होते. चौघांच्या वतीनें मुख्य निर्णय लिहिणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणींतील १९७६ च्या ज्या कुप्रसिद्ध निर्णयांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमताच्या बाजूनें होते, तोहि मुलानें याच निकालपत्रांत चुकीचा ठरविला. महाराष्ट्राच्या न्यायपरंपरेंत असा प्रसंग विरळा.

हक्क मान्य झाला, पण कायदा होण्यास वेळ लागला. मुंबई उच्च न्यायालयांत ज्यांची कारकीर्द गाजली त्या न्यायमूर्ति बी. एन्. श्रीकृष्ण यांच्या समितीनें जुलै २०१८ मध्यें अहवाल व मसुदा दिला. २०१९ चें विधेयक ऑगस्ट २०२२ मध्यें मागें घेतलें गेलें. शेवटीं ११ ऑगस्ट २०२३ रोजीं अंकीय व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि धंद्यांवरील मुख्य कर्तव्यें तेथून अठरा महिन्यांनीं, म्हणजे मे २०२७ मध्यें, लागू करण्याचें ठरलें. सरकारी यंत्रणांना या कायद्यांत ठेवलेल्या सवलती इतक्या ऐसपैस आहेत कीं, खरकसिंगाच्या वारसदारांना त्यापासून कितपत दिलासा मिळेल याची शंकाच आहे. परंतु तो विषय वेगळा.

विक्रेत्याच्या दृष्टीनें या कायद्यांतील तीन गोष्टी महत्त्वाच्या. माहिती गोळा करणाराला कायदा मालक म्हणत नाहीं. विश्वस्त या अर्थाचा शब्द वापरतो. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा, एवढाच त्याचा अधिकार. दुसरी गोष्ट, संमति मोकळेपणानें, विशिष्ट कामासाठीं, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीनें दिलेली पाहिजे, आणि ती परत घेणें देण्याइतकेंच सोपें असलें पाहिजे. युरोपांत विक्रेता कांहीं वेळां आपल्या रास्त हिताचा आधार सांगूं शकतो. आपल्याकडे तशी सर्वसाधारण पळवाट ठेवलेली नाहीं. मात्र गिऱ्हाइकानें आपण होऊन एखाद्या कामासाठीं नांव-पत्ता दिला, तर त्या कामापुरता तो वापरण्यास मुभा आहे. तिसरी गोष्ट मुलांविषयीं. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास कायद्यानें मनाई केली आहे. शिक्षणसंस्थांना शिक्षणाच्या व सुरक्षिततेच्या कामापुरती सूट आहे, पण तिचा आधार विक्रीच्या पाठलागाला घेतां यावयाचा नाहीं. मुलांविषयींच्या कर्तव्यांत चुकल्यास दंड दोनशें कोटी रुपयांपर्यंत, आणि माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास अडीचशें कोटींपर्यंत होऊं शकतो. धाटावच्या रसायनविक्रेत्याला मुलांचें कलम क्वचितच लागेल. शिकवणीचे वर्ग विकणाऱ्यांनीं मात्र तें नीट वाचून ठेवावें.

मग वरसे येथील कचेरीला उरलें काय ? पहिल्यानें वाटतें त्याहून पुष्कळ. कोणतें पान किती वेळां उघडलें गेलें, ही नुसती बेरीज, माणूस न ओळखतां, ठेवतां येते. फ्रान्सच्या आयोगानेंहि कडक अटींवर अशा मोजणीला संमतीची गरज नाहीं असें मान्य केलें आहे. शुद्धतेचें कोष्टक लोक वारंवार उघडतात हें त्यावरून कळतें, आणि तें अधिक सुबोध करावें एवढें शहाणपण त्यांतून मिळतें. चौकशीचा कागद आहेच. टेलिफोन आहे. प्रदर्शनांतील गाळा आहे, जेथें येणारा आपण होऊन आपलें पत्रक पुढें करतो. शिवाय जो पाहुणा समजून होकार देतो, त्याची नोंद ठेवण्यास कोणताहि नियम आड येत नाहीं. ती यादी लहान असेल, पण तींतला माणूस खरोखर बोलूं इच्छितो.

गेलें तें एवढेंच कीं, न बोललेल्या गिऱ्हाइकाच्या मनांतलें ओळखण्याची सोय गेली. ती सोय नेहमीं खरें सांगत होती असेंहि नाहीं. हँबुर्गचा तो पाहुणा चार मिनिटें कोष्टक पाहत होता कीं तेवढ्यांत चहा घ्यावयास उठला होता, हें सॉफ्टवेअरला कधींच कळलें नव्हतें. पानाचा काळ मोजला गेला होता. लक्ष मोजलें गेलें नव्हतें.

मे २०२७ नंतर या कचेरीच्या चौकशीच्या कागदाखालीं एक सूचना छापलेली असावी लागेल : कोणती माहिती घेतली जात आहे, कशासाठीं, आणि ती परत कशी घ्यावी. ही सूचना इंग्रजींत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांपैकीं पाहिजे त्या भाषेंत वाचतां आली पाहिजे असें कायदा सांगतो. त्या बावीस भाषांत मराठी आहे. रोह्याच्या बाजारांतील एखाद्या दुकानदारानें याच कारखान्याकडे मालाची चौकशी केली, तर आपल्या नांवाचें काय होणार हें त्याला आपल्या भाषेंत विचारतां येईल, आणि कारकुनाला तें त्याच भाषेंत सांगावें लागेल. त्यासाठीं सूचना मराठींत लिहिणारा माणूस आतांपासूनच शोधावा लागेल, कारण इंग्रजी मसुद्याचें शब्दशः रूपांतर वाचून त्या दुकानदाराला कांहींच उमगावयाचें नाहीं.